सत्तावीस कागद आणि एक ओढा

हे प्रकरण माझं स्वतःचं आहे: अमेरिकेतल्या एका राखीव जंगलात, चित्रकारांसाठीच्या निवासी कार्यक्रमात काढलेले चौदा दिवस. माझ्याकडे जलरंग शिकायला येणाऱ्यांना मी ते तुकड्यातुकड्यांनी सांगत आले आहे. कोणाचा वॉश (पातळ रंगाचा पसरट थर) फाटला की त्यातली एक गोष्ट सांगायची, कोणी सलग तीन रविवार तीन वेगळ्या तळ्यांवर जाऊन आलं की दुसरी. आता एका विद्यार्थिनीला अशाच निवासी कार्यक्रमासाठी अर्ज करायचा आहे. म्हणून म्हटलं, एकदा सगळं क्रमानं लिहून काढावं. काय ठरवून गेले, कुठे अडलं, का अडलं आणि मग काय केलं, ते सगळं. तेव्हाची रोजची नोंदवही आणि सत्तावीस कागदांचा गठ्ठा समोर घेऊन बसले आहे.

जागा अमेरिकेत, मिशिगन राज्याच्या वरच्या द्वीपकल्पात. सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठावर पॉर्क्युपाइन माउंटन्स नावाचं स्टेट पार्क आहे. पॉर्क्युपाइन म्हणजे साळिंदर. इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांना या डोंगरांची रेघ अंग चोरून बसलेल्या साळिंदरासारखी दिसली, त्यावरून हे नाव आलं. पार्क सुमारे 60,000 एकरांचं. 1945 साली ते राखून ठेवलं गेलं ते मुख्यतः लाकूडतोडीपासून जुनं जंगल वाचवण्यासाठी, आणि आजही त्यातल्या निम्म्याहून अधिक भागावर कधीच कुऱ्हाड चाललेली नाही. हेमलॉक, शुगर मेपल, पिवळा बर्च ही तिथली मुख्य झाडं. (हे हेमलॉक म्हणजे सॉक्रेटिसला दिलेलं विष नव्हे. ती वेगळी वनस्पती. हे देवदाराच्या कुळातलं, सूचिपर्णी झाड आहे. आणि बर्च आपल्या भूर्जपत्राच्या कुळातला.)

चित्रकार आणि अमेरिकेतली राखीव जंगलं यांचं नातं जुनं आहे. 1871 साली सर्वेक्षणाच्या तुकडीबरोबर थॉमस मोरान यलोस्टोनला गेला. त्यानं तिथे केलेली जलरंगातली चित्रं वॉशिंग्टनला लोकप्रतिनिधींना दाखवली गेली आणि 1872 च्या मार्चमध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं. ज्यांनी ती जमीन कधी पाहिली नव्हती त्यांना ती कागदावरून पटली. आज अनेक पार्कं चित्रकारांना, लेखकांना काही आठवडे राहायला बोलावतात. त्यामागे तोच धागा आहे असं मी मानते, आणि म्हणूनच निवड झाल्याचं कळलं तेव्हा मला आनंदाबरोबर जबाबदारीही वाटली होती.

पॉर्क्युपाइनमध्ये हा कार्यक्रम पार्कच्या पाठीराख्यांचं स्वयंसेवी मंडळ चालवतं. राहायला जंगलात एक लाकडी केबिन आहे. वीज नाही, नळ नाही, उबेला लाकडाची शेगडी. मुक्कामाच्या बदल्यात, तिथल्या अनुभवातून झालेली एक कलाकृती नंतर द्यायची. माझे चौदा दिवस होते सप्टेंबरच्या शेवटी सुरू होऊन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपणारे, म्हणजे पानं रंगण्याचे. मी राहते डेट्रॉईटजवळ. तिथून दहा तास गाडी चालवून, मॅकिनॉचा पूल ओलांडून एका शनिवारी संध्याकाळी पोचले.

यादी

जाताना माझ्याजवळ बारा जागांची यादी होती, आणि ती मी महिनाभर आधीपासून फोटो पाहून पाहून तयार केली होती. लेक ऑफ द क्लाउड्स कड्यावरून. तेच तळं सकाळी, तेच संध्याकाळी. समिट पीकचा मनोरा. प्रेस्क आइल नदीचे मनाबेझो, मनिडो आणि नवाडाहा हे तिन्ही धबधबे. सुपीरियरचा गोट्यांचा किनारा. आणखीही काही. बारा जागा, बारा पूर्ण चित्रं, परत आल्यावर प्रदर्शन. सगळे कागद एका मापाचे कापून, बोर्डांना टेपनं चिकटवून तयार ठेवले होते. पॅलेटमध्ये सोळा रंग होते. शरद ऋतूसाठी म्हणून चार लाल आणि तीन पिवळे मुद्दाम वाढवले होते.

आता यादी वाचताना कळतं की ती चित्रकाराची नव्हतीच, पर्यटकाची होती. पण तेव्हा मला तीच तयारी वाटत होती, आणि मी मनापासून केली होती.

पहिले सहा दिवस

सहा दिवसांत अकरा कागद झाले. एकही टिकला नाही. एकेकाची नोंद वहीत आहे. त्यातल्या चौथ्या कागदावर जरा थांबते, कारण जे चुकलं त्यातलं बहुतेक सगळं त्यात आहे.

लेक ऑफ द क्लाउड्सचा कडा पूर्व-पश्चिम पसरलेला आहे. त्यावर उभं राहिलं की पाठीमागे, उत्तरेला सुपीरियर सरोवर आणि समोर खाली, दक्षिणेला ते लांबट तळं. म्हणजे माणूस तिथे दक्षिणेकडे तोंड करून उभा असतो. फोटोत हे कधी जाणवत नाही. मी दुपारी पाऊण वाजता ईझल लावलं, या हिशेबानं की सूर्य डोक्यावरून जरा पुढे सरकेल आणि उजेड स्थिर मिळेल. पण हा भाग डेट्रॉईटच्याच वेळेवर चालतो आणि आहे मात्र कितीतरी पश्चिमेला. तिथे सप्टेंबरअखेर सूर्य दक्षिणेत सर्वांत वर येतो तो घड्याळात जवळपास दोन वाजता. इतकी वर्षं मिशिगनमध्ये काढूनही हे मी कधी चित्राच्या अंगानं मोजलं नव्हतं. खिडकीतून बघणाऱ्याला अर्धा तास इकडेतिकडे चालून जातो.

आणि ‘वर’ म्हणजे तरी किती वर? क्षितिजापासून जेमतेम 42 अंश. कोल्हापुरात डिसेंबरात, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीसुद्धा भर दुपारचा सूर्य 50 अंशांवर असतो. म्हणजे तिथली सप्टेंबरची दुपार आपल्या हिवाळ्यातल्या दुपारीपेक्षाही कलती. तो कलता सूर्य बरोबर माझ्या समोर, तळ्याच्या वर. पाणी पत्र्यासारखं चमकत होतं, पलीकडच्या उतारावरची झाडं पाठीमागून उजळलेली, आणि बोर्ड माझ्याकडे तोंड करून असल्यामुळे कागद सावलीत. डोळे चमकीनं मिटायला आलेले, त्यामुळे सावलीतला कागद होता त्यापेक्षा काळवंडलेला दिसत होता. मी रंग पातळ, आणखी पातळ करत गेले. तिथे चित्र ठीक वाटलं. केबिनमध्ये आणून खिडकीशी धरलं तर धुऊन काढलेल्या कपड्यासारखं फिकं.

दुसरी गोष्ट, रंगांची. पलीकडचा उतार लाल, केशरी, पिवळा, मध्येच हिरवाकाळा. मी प्रत्येक झाडाला त्याचा रंग दिला. सात तांबडे-पिवळे होते ना पॅलेटमध्ये! झालं काय, तर डोंगराची गोधडी झाली. तुकडा तुकडा सुंदर, पण डोंगर कुठेच नाही. विद्यार्थ्यांना मीच सांगते की आधी टोन, म्हणजे उजेड-काळोखाची पातळी बघा, रंग नंतर. डोळे बारीक करा, रंग विसरले की आकार दिसतो. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्या पानांनी मला भुलवलं.

तिसरी, ओल. माझी जलरंगाची सवय कोल्हापुरातली आहे. मार्च-एप्रिलात रंकाळ्यावर पहिला वॉश दिला की दहा मिनिटांत दुसरा देता येतो. पारदर्शक थरावर पारदर्शक थर, हीच माझी पद्धत. इथे त्या कड्यावर अर्ध्या तासानंही कागदाला हात लावला की गार आणि ओलसर. घाई करून दुसरा थर दिला की पहिला उचलून यायचा, आणि पाणी मागे सरकून कडेला फुलकोबीसारखे डाग पडायचे. तिसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये शेगडीजवळ कागद सुकवायला ठेवला. सुकला, पण पापडासारखा वळला, आणि त्यातला निळा उगाच कोरडा पडल्यासारखा दिसू लागला. मग ते सोडून दिलं.

वाऱ्याचं थोडक्यात सांगते. सुपीरियरवरून येणारा वारा कड्यावर पाठीत येतो. पाचव्या दिवशी त्यानं ईझल पाडलं. नशिबानं ते कठड्याच्या आत पडलं. तेव्हापासून पाण्याची बाटली आणि सगळं सामान पिशवीत घालून ती पिशवी ईझलच्या मध्ये टांगायची, हा नियम. आणि कड्याच्या टोकाशी ईझल लावायचंच नाही, मग दृश्य कितीही चांगलं असो.

उरलेले कागद मनाबेझो धबधब्यावर, किनाऱ्यावर, समिट पीकच्या वाटेवर झाले. धबधब्याच्या नदीचं पाणी झाडांच्या टॅनिनमुळे काळ्या चहाच्या रंगाचं आहे आणि त्यावर पांढरा फेस. पाहताना जीव हरखतो. मी गेले, दीड तास बसले, एक कागद केला, यादीवर खूण केली, निघाले. परत गेले नाही. त्या नदीला आणखी चार दिवस द्यायला हवे होते, हे अजूनही मनाला लागतं.

सहाव्या रात्री अकराही कागद फळीवर ओळीनं लावले आणि डोक्याला बांधलेल्या दिव्यात पाहिले. मला खरंच रडू आलं. ते वाईट नव्हते, त्याचंच वाईट वाटलं. कोणीही म्हणालं असतं, छान आहेत. पण दहा वर्षांपूर्वीच्या कॅलेंडरवरही तेच होतं. मी तिथे होते याची खूण त्यांत कुठेच नव्हती.

सातवा दिवस

सकाळपासून पाऊस. केबिनमध्ये फोन लागत नव्हता. कपडे धुवायचे होते, म्हणून ऑन्टोनागन या जवळच्या गावात गेले. कपडे मशीनमध्ये टाकले आणि गाडीत बसून कोल्हापूरला सरांना फोन केला. तिथे संध्याकाळचे साडेसात वाजलेले. सरांनी मला कॉलेजात लँडस्केप शिकवलं. आता त्यांचं वय झालं आहे, पण आवाज तोच.

मी सगळं सांगितलं. प्रकाश, ओल, वारा, लाल रंग. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “किती कागद झाले म्हणतीस?”

“अकरा, सर.”

“आणि जागा किती?”

मी मोजल्या. “नऊ.”

“सहा दिवसांत नऊ जागा. पोरी, तू तिथं चित्रं काढायला गेलीयस का गाव बघायला?”

मी गप्प. मग तेच म्हणाले, “तुम्हाला कोटितीर्थावर महिनाभर एका जागी बसवत होतो, ते कशासाठी? तुम्ही सगळी कंटाळत होता. पहिले आठ दिवस सगळ्यांची चित्रं सारखीच यायची. नवव्या दिवसापासनं एकेकाचं वेगळं दिसायला लागायचं. आबालाल काय जग हिंडत होते का? तळ्याकाठी ऱ्हायले, तेवढंच काढलं. राहिलेले दिवस किती?”

“सात.”

“लय झाले. एक जागा धर. आणि देखणी नको धरूस.”

ज्यांना संदर्भ माहीत नसेल त्यांच्यासाठी: आबालाल रहिमान हे कोल्हापूरचे, जे. जे. मध्ये शिकून परत आलेले आणि शाहू महाराजांच्या दरबारी राहिलेले चित्रकार. 1931 साली गेले. कोटितीर्थ तलावाच्या काठी राहून त्यांनी त्या परिसराची निसर्गचित्रं पुन्हा पुन्हा केली. कोल्हापुरात लँडस्केप शिकणाऱ्या पोराला रंग कालवायला शिकण्याआधी त्यांचं नाव कळतं. मलाही कळलं होतं. त्याचा अर्थ मात्र मिशिगनमध्ये, धुलाईच्या दुकानाबाहेर, पावसात कळला.

ओढा

केबिनच्या जवळून लिटल युनियन नावाची नदी वाहते. नदी म्हणतात, पण आपल्याकडे त्याला ओढाच म्हणतील. एकेकाळी या भागात तांब्याच्या खाणी होत्या, त्याच्या खुणा जवळच्या पायवाटेवर आहेत. मी रोज त्या ओढ्यावरून जात होते आणि एकदाही थांबले नव्हते, कारण तो यादीत नव्हता.

आठव्या दिवशी तिथेच एक वळण निवडलं. एक हेमलॉक काठावर दगडाला मुळांनी कवटाळून उभा, दुसरा कधीतरी पडून पाण्यावर आडवा आलेला, अंगावर शेवाळ. मागे पिवळा बर्च, त्याची साल कागदासारखी सुटून वळलेली. वर दक्षिणेकडे फांद्यांमध्ये एक फट. तिथून दुपारी साडेबारा ते अडीच ऊन थेट पाण्यात पडायचं, आणि मग संपायचं. लांबचं काही दिसत नव्हतं. वीस पावलांवर जग संपत होतं.

स्वतःला नियम घालून घेतले. स्टूल त्याच जागी, त्यासाठी एक काटकी रोवून ठेवली. वेळ तीच, साडेबारानंतर. कागद पाव इंपिरियल, म्हणजे इंपिरियल मापाच्या पूर्ण कागदाचा चौथा भाग. एका कागदाला पाऊण तास. आणि रंग चारच: अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि क्रिमझन (गर्द लाल). बाकीचे बारा रंग केबिनमध्ये ठेवले, कारण पिशवीत असते तर मी नक्की काढले असते.

बारावा आणि तेरावा कागद गेला. चौदावा गेला. हिरवा कुठून आणायचा हेच कळेना. अल्ट्रामरीन आणि ऑकरचा हिरवा मळकट होतो, आणि मला तर जंगल हिरवं रंगवायचं होतं. पंधराव्या वेळी कंटाळून ब्रश खाली ठेवला आणि वर बघत बसले. हेमलॉकची एक फांदी डोक्याजवळ आलेली होती. तिची पानं चपट्या, बोटाच्या पेरापेक्षा लहान सुया. वरून गडद हिरव्या, आणि खालून? प्रत्येक सुईच्या पोटाला दोन पांढुरक्या रेघा. मी त्या झाडांच्या खाली बसले होते. म्हणजे मला दिसत होतं ते सगळं छत पोटाकडून दिसत होतं. ते हिरवं नव्हतंच. रुपेरी राखाडी होतं, सावलीत किंचित जांभळट. सात दिवस मी त्या जंगलात हिंडत होते आणि मनातला हिरवा बाहेरच्या झाडांना फासत होते.

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांचा राखाडी प्रत्येक जलरंगवाल्याला ठाऊक असतो. दोन्ही रंगांचे कण जड, त्यामुळे कागदाच्या दाण्यात बसतात आणि सपाट राखाडीऐवजी जिवंत, दाणेदार राखाडी मिळतो. तो त्या छताला बरोबर लागला. आणि तो ओला असताना ऑकर सोडला की जिथे बर्चची पानं आहेत तिथे उजेड आपोआप पाझरायचा.

‘ओला असताना’ हेच या सगळ्या प्रकरणाचं वळण. ज्या ओलीशी मी सहा दिवस भांडले तीच इथे कामाला आली. कोल्हापूरच्या उन्हात ओल्यात ओला रंग सोडायला चार-पाच मिनिटं मिळतात, मग कागद हातातून जातो. इथे ओढ्याकाठी वीस-पंचवीस मिनिटं कागद ओलाच. तेवढ्या वेळात एक आख्खं चित्र आतून बाहेर वाढवता येतं. आधी पातळ, मग दाट, मग त्याहून दाट, सगळं एका ओलीत. कडा हव्या तिथे मऊ राहतात. शेवटी कागद ओलसर उरला की खोडाच्या दोन-तीन कडक रेघा. बस्स. थरावर थर ही पद्धत कोरड्या हवेची आहे. या हवेला एकाच बैठकीचं चित्र लागतं. मला पद्धत बदलायला हवी होती, आणि मी कागदाला शेगडीजवळ नेत होते.

एकोणिसावा कागद पाण्यासाठी. ओढ्याचं पाणी उथळ, तळाचे दगड दिसत होते. पण सगळीकडे नाही. जिथे पाण्यात आडव्या खोडाचं काळं प्रतिबिंब पडलं होतं तिथेच तळ दिसत होता, आणि जिथे फटीतल्या आकाशाचं प्रतिबिंब होतं तिथे तळ पुसून जात होता. हे नियमानं तसंच असतं, काळोख्या प्रतिबिंबातून आत बघता येतं, उजळातून नाही. मी पुस्तकात वाचलं होतं, वर्गात सांगितलंही होतं. तेवढ्यात मेपलचं एक पान खोडाशी अडकून गोल फिरू लागलं. पान वर आणि त्याची सावली वीतभर बाजूला, तळाच्या दगडावर. पान फिरत होतं, सावलीही फिरत होती, आणि दोघांच्या मध्ये पाण्याची सगळी खोली मावली होती. मी पान काढलं नाही. फक्त सावली काढली, ऑकरच्या एका उजळ डागाजवळ. लोक ते चित्र पाहतात तेव्हा नेमकं तिथे पाणी आहे असं म्हणतात. तिथे खरं तर काहीच रंगवलेलं नाही, कागदच आहे.

अकराव्या दिवशी ऊन आलंच नाही. तरी त्याच वेळी जाऊन बसले. फटीतून फक्त पांढरा उजेड. सगळं एकाच टोनमध्ये बुडालेलं. पहिल्या आठवड्यात असा दिवस मी ‘वाया’ म्हणून सोडला असता. त्या दिवशीचा विसावा कागद मला आजही जवळचा वाटतो. आणि दिवस झपाट्यानं लहान होत होते. चौदा दिवसांत पाऊण तासाचा उजेड कमी झाला. आठव्या दिवशी पाण्यात जिथवर ऊन पोचत होतं तिथवर ते तेराव्या दिवशी पोचत नव्हतं, कारण सूर्य आणखी खाली गेला होता. उलट बर्चची पानं गळून फट मोठी झाली होती. एकच जागा, पण सहा दिवसांत दोनदा बदलली. हे मला दिसलं ते काटकी रोवून बसले होते म्हणून.

ओढ्यावर तेरा कागद झाले. त्यातले पाच मी ठेवीन.

एक गोष्ट विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम. ब्रश धुतलेलं पाणी मी ओढ्यात किंवा झाडाखाली एकदाही ओतलं नाही. घट्ट झाकणाची बरणी नेत होते, त्यातच सगळं परत आणत होते आणि परतताना घरी घेऊन आले. जलरंग निरुपद्रवी असतात असं आपण समजतो. पण कॅडमियम, कोबाल्ट, तांब्याचे निळे-हिरवे हे धातूंचे रंग आहेत. शेकडो वर्षं कोणी हात न लावलेल्या जंगलात आपण पाहुणे म्हणून बसतो. टेपचा तुकडा, टिश्यूचा कपटासुद्धा मागे राहता कामा नये. खाण्याचे डबे बंद ठेवायचे, कारण तिथे काळी अस्वलं आहेत. आणि बोटं कापलेले लोकरीचे हातमोजे न्यायचे. गारठलेल्या बोटांनी बारीक रेघ येत नाही.

पुन्हा कडा

शेवटच्या दिवशी सकाळी आठ वाजता, उजाडता उजाडता, लेक ऑफ द क्लाउड्सला गेले. तिथे माणूस नव्हतं. दरी धुक्यानं भरलेली, तळं नाहीच. काळे शेंडे धुक्यातून वर आलेले. मी ईझल लावलं नाही. बोर्ड मांडीवर घेऊन खाली कातळावरच बसले.

आणि तेव्हा पायाखालचा दगड पाहिला. आधी चार वेळा तिथे उभी राहिले होते आणि नजर सारखी दूर. तो कातळ बेसाल्टचा आहे, लाव्ह्याचा. सुमारे 110 कोटी वर्षांपूर्वी इथलं भूखंड फाटायला लागलं, तेव्हाच्या लाव्ह्याचे थर. आपला सह्याद्री त्याच जातीच्या दगडाचा, पण 6.6 कोटी वर्षांचा, म्हणजे याच्यापुढे अगदीच तरुण. त्या कातळावर दगडफूल चढलेलं, राखी-हिरवट गोल गोल. पन्हाळ्याच्या कड्यावर मी असंच बसत असे. ओल्या बेसाल्टचा तो निळसर काळा रंग मला कालवायला शिकावा लागला नाही. हातालाच माहीत होता.

पहिल्या आठवड्यातल्या चित्रांत पुढची जमीनच नव्हती. नुसतं समोरचं तळं आणि डोंगर, जणू बघणारा हवेत तरंगतोय. त्या सकाळी मी कागदाचा खालचा तिसरा भाग त्या कातळाला दिला, वर धुकं आणि शेंडे. तीन टोन, चार रंग, वीस मिनिटं. मग धुकं हललं तसा दुसरा कागद. मग तिसरा, त्यात तळ्याची एक पांढरी फीत उघडली. सव्वानऊला पहिली गाडी आली. एक आजी-आजोबा माझ्या मागे बराच वेळ न बोलता उभे राहिले. जाताना आजी म्हणाल्या, तळं दिसलं नाही म्हणून आम्ही परत निघालो होतो, तुमचं बघून थांबलो. मला खूप बरं वाटलं.

कोणतं द्यायचं

पार्कला एक चित्र द्यायचं होतं. हा निर्णय मला चौदा दिवसांपेक्षा जड गेला. कड्यावरचं धुक्याचं चित्र सगळ्यांना ओळखू येणारं. तिथे येणारा प्रत्येक माणूस त्या कड्यावर जातो, त्याला ते आपलं वाटेल. ओढ्याचं चित्र पाहून मात्र कोणी म्हणणार नाही की हे पॉर्क्युपाइन. घरच्यांचं मत कड्याच्या बाजूनं होतं. सरांना दोन्हींचे फोटो पाठवले. त्यांनी उत्तरात फक्त एवढंच लिहिलं: “ओढ्याकडे किती वेळा गेलीस?”

पण मी ओढा निवडला तो सरांनी विचारलं म्हणून नाही. ते पार्क राखलं गेलं ते तळ्यासाठी नव्हे, जुन्या झाडांसाठी. तळ्याला फोटोवाले पुष्कळ आहेत. त्या हेमलॉकच्या छताखाली खालून वर बघत कोणी फारसं बसत नाही, आणि त्याचा खरा रंग पाहिलेल्या माणसाला ती झाडं तोडू द्यावीशी वाटणार नाहीत, असं मला वाटतं. मोरानचं उदाहरण मनात होतंच.

एकविसावा कागद दिला. बाराव्या दिवसाचा. फ्रेम करायला काढला तेव्हा लक्षात आलं की वरच्या डाव्या कोपऱ्यात, राखाडी वॉशमध्ये, हेमलॉकची एक सुई चिकटून सुकली आहे. वाऱ्यानं पडली असणार, ओल्या रंगात बसली, आणि मला दिसलीच नाही. फ्रेमवाला म्हणाला, चिमट्यानं अलगद काढून देतो, डाग राहणार नाही. मी भिंग घेऊन पाहिलं. पोटाची बाजू वर होती, दोन्ही पांढऱ्या रेघा स्पष्ट. त्याला म्हटलं, राहू दे.